लोणारची काळी रेती, सोनाळ्याचा समुद्र

माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘रंगीत मासे’ असं ठळक लिहिलेलं होतं, तरी चिखलीच्या बाजाराच्या दिवशी कुणी ना कुणी पिशवी घेऊन दारात उभं राहायचंच. “कशे किलो?” मी सांगायचो, हे खायचे नाहीत, पाहायचे आहेत. माणूस टाकीकडे पाहायचा, मग माझ्याकडे पाहायचा आणि निघून जायचा. एकदा एक म्हातारे गृहस्थ जाता जाता शांतपणे म्हणाले, “पाहाचे हायेत तं विकता काऊन?” या प्रश्नाचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. मी जन्माचा शाकाहारी. घरात माशाचं कालवण कधी शिजलं नाही, आणि तरी माझा निम्मा संसार माशांनी चालवला.

मूळ धंदा काचेचा. वडिलांचं फोटो-फ्रेमचं दुकान होतं. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, कपाटांचे आरसे. कापून उरलेल्या काचेचं काय करायचं या विचारातून मी पहिली टाकी केली. त्या काळी टाकी म्हणजे लोखंडी अँगलची चौकट. तिच्यात काच बसवायची ती लांबीने, म्हणजे खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेल्या लगद्याने. लांबी नीट मळली नाही तर टाकी गळते, आणि ती नेहमी ग्राहकाकडे पाहुणे आलेले असतानाच गळायला लागते. डॉक्टरांच्या दवाखान्यात, कापसाच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत, एका मुख्याध्यापकांच्या ऑफिसात माझ्या टाक्या होत्या. महाराष्ट्र राज्य होऊन फार काळ लोटला नव्हता. आमच्या भागात वीज नुकती कुठे गावोगाव पोचत होती, आणि दिव्याखाली पोहणारा मासा ही लोकांना नवलाची गोष्ट होती.

या धंद्यात मी एक गोष्ट लवकर शिकलो. ग्राहक मासा निवडायला हवा तेवढा वेळ लावतो, पण तळाशी काय घालायचं हे विचारतसुद्धा नाही. खरं तर टाकी जगते ती तळावर. माशांची घाण, उरलेलं खाणं खाली जातं. रेतीच्या कणाकणावर डोळ्यांना न दिसणारे जंतू वस्तीला असतात, ते ही घाण पचवतात. रेती ही टाकीची शोभा नाही, तिचं पोट आहे. हे मी प्रत्येकाला सांगायचो, लोक मान डोलवायचे आणि घरी जाऊन मनाला येईल ते करायचे. एका अडत्याने बंगल्याच्या फरशीचे उरलेले लाल तुकडे घातले. पाणी कितीतरी दिवस विटकरी राहिलं. एका नव्या सुनेने हौसेने तळाला पांढऱ्या दगडाच्या भुकटीची रांगोळी काढली आणि वरून पाणी सोडलं. मासे दिसेनात म्हणून मला बोलावणं आलं. जाऊन पाहतो तर टाकीत ताक भरल्यासारखं दिसत होतं. मासे आत जिवंत होते, आणि सासूबाई पदराआड हसत होत्या.

पण तळाच्या रेतीसाठी मला सगळ्यात जास्त फिरवलं ते दत्तूभाऊंनी.

ते पहिल्यांदा आले तेव्हा मी एका फोटोला काच बसवत होतो. उंच, रुंद मनगटांचा, चाळिशी उलटलेला माणूस. फ्रेमांकडे त्यांनी पाहिलंच नाही. सरळ मागच्या टाक्यांपाशी गेले, प्रत्येकीत वाकून पाहिलं, एका टाकीच्या अँगलवरचा गंज नखाने खरवडला आणि मला विचारलं, “खाऱ्या पाण्याची टाकी करता का?”

“खाऱ्या म्हणजे?”

“समुद्राच्या.”

मी हातातली काच खाली ठेवली. समुद्र आमच्यापासून किती दूर आहे हे कुणाला सांगायची गरज नाही. शिवाय खारं पाणी लोखंडाला किती दिवस ठेवील, हे तर ते स्वतःच नखाने दाखवत होते.

दत्तूभाऊ सोनाळ्याचे. सोनाळा आमच्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. टाक्या करणारा कुणीतरी चिखलीत आहे एवढं ऐकून ते एसटी बदलत बदलत आले होते. चहा मागवला आणि हळूहळू हकिकत कळली. तरुणपणी ते घरातून निघून मुंबईला गेले आणि जहाजाच्या इंजिनखोलीत लागले. वर्षामागून वर्षं परदेशी बंदरांत गेली. वडील वारले तेव्हा जहाज भर समुद्रात होतं. निरोप पोचला तोवर घरी तेरवी होऊन गेली होती. आई, गिरजाबाई, एकटीने शेती करत राहिली. आता दत्तूभाऊ कायमचे परत आले होते. आई त्यांच्याशी बोलायची, पण बैलांचं, कपाशीचं, विहिरीचं. त्यापलीकडे नाही.

“म्या म्हटलं, माय, चाल, तुले समुद्र दाखवतो,” ते म्हणाले. “तं म्हणते, ज्यानं माहं पोरगं नेलं त्याचं तोंड मी काऊन पाहू. मंग म्या इचार केला, ती नाही येत तं थोडासा समुद्र घरी आणू.”

“आणि आणल्यावर पाहिला नाही तर?”

“ते मले माईत नाही,” ते म्हणाले. “म्हणूनच तं करून पाहाचं हाय.”

हे उत्तर मला आवडलं. मी काम घेतलं.

पहिला वाद रेतीवरून झाला. मी म्हणालो पांढरी घालू, शिंपल्यांच्या चुऱ्याची. त्याला कारण होतं. शिंपला पाण्यात सावकाश विरघळतो आणि समुद्रातल्या जीवांना लागणारा चुना देत राहतो. मुंबईचे लोक तीच वापरतात असं मी ऐकलं होतं. शिवाय पांढरी रेती स्वच्छ दिसते.

दत्तूभाऊ म्हणाले, “काळी पाह्यजे.”

“का?”

“मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. ऑपरेशन कराले तयार नाही, शेजारणीचा डोळा बिघडला होता म्हणते. ताटात भात वाढला तं तिले दिसत नाही, हातानं चाचपते. पण तव्यावरची भाकर दिसते. पांढऱ्या उजेडात तिचे डोळे दिपतात. तुम्ही पांढरी रेती घातली, वरून दिवा लावला, तं तिले टाकीच्या जागी निसता दिवा दिसन.”

टाकी कुणी पाहायची आहे, हे मी इतक्या वर्षांत कुणालाच विचारलं नव्हतं.

आता काळी रेती आणायची कुठून? तसा आमचा सगळा जिल्हाच काळ्या दगडावर बसलेला आहे. खडी फोडणाऱ्या क्रशरवरची चुरी मी आधी आणली. रंग चांगला, पण कणाकणाला धार. शंखात राहणारे जे खेकडे दत्तूभाऊंना आणायचे होते त्यांचं पोट उघडं आणि मऊ असतं; शंख बदलताना ते रेतीवर घासतं. हाताला टोचणारी रेती त्यांना कशी चालेल? मग मला लोणार आठवलं. लहानपणी वडिलांबरोबर तिथल्या देवळांना गेलो होतो, तेव्हा सरोवराच्या काठी एकाने चुंबक फिरवून काळी रेती उचलून दाखवली होती. ती मऊ होती एवढं बोटांना आठवत होतं.

आम्ही दोघं लोणारला गेलो. विवराच्या कडेवरून खाली उतरताना झाडी दाट होत जाते, मोर ओरडतात, आणि पाण्याचा उग्र वास वर येऊन भेटतो. काठच्या ओहळात बारीक, गुळगुळीत, काळीभोर रेती पसरलेली होती. दत्तूभाऊंनी मूठभर उचलली आणि बोटांतून गाळत राहिले. मी बिघडलेल्या रेडिओच्या कर्ण्यातलं चुंबक बरोबर नेलं होतं. ते रेतीजवळ नेलं तशी त्याला मिशी फुटली.

मला मजा वाटली. दत्तूभाऊंनी मात्र मुठीतली रेती खाली टाकली.

“काय झालं?”

“जहाजाच्या बुडाले तांब्याचा रंग लावतात,” ते म्हणाले. “काऊन, माईत हाय? शंख-शिंपले चिकटू नाही म्हणून. माणसाले काही होत नाही, पण त्या जीवांले तांबं म्हणजे जहर. या रेतीत लोखंड तं दिसते. आणखी काय काय असन, कोणाले माईत?”

ठाऊक कुणालाच नव्हतं. तपासायला प्रयोगशाळा नव्हती. तरी आम्ही दोन पोती भरली. त्या काळी कुणी अडवत नसे. आज तिथला खडा उचलायलाही बंदी आहे आणि ते योग्यच आहे. आम्हाला तेव्हा त्याचं मोल कळलं नव्हतं, याची चुटपुट वाटते.

पुढचं काम सोनाळ्याला, दत्तूभाऊंच्या अंगणात झालं. मी दोन-चार दिवसांच्या बेताने जायचो आणि जास्त राहायचो. मुंबईच्या एका जुन्या सोबत्याने समुद्राचं पाणी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेले शंखातले खेकडे रेल्वेने शेगावला पाठवले. स्टेशनवर पाण्याचे कॅन उतरवताना हमालाने विचारलं, “गंगाजल हाय का?”

“समुद्राचं पाणी आहे.”

त्याने कॅन खाली ठेवला. “खारं?”

“हो.”

“आमच्या इकडल्या विहिरी काय गोड हायेत का, बाप्पा?” तो म्हणाला. त्याचंही खरं होतं. शेगावपासून वर पूर्णेच्या खोऱ्यात गावंच्या गावं खाऱ्या विहिरींची आहेत, आणि लोक गोड पाण्यासाठी कोसभर जातात. अशा मुलखात आम्ही खारं पाणी रेल्वेने मागवत होतो. हमालाने कॅन आमच्या भाड्याच्या जीपमध्ये चढवून दिले, पण आम्ही दिसेनासे होईपर्यंत तो आमच्याकडे पाहत होता.

लोणच्याच्या बरण्या घेऊन आम्ही प्रयोग मांडला. एका बरणीत नुसती खळबळून घेतलेली रेती, समुद्राचं पाणी आणि एक खेकडा. दुसऱ्या दिवशी तो शंख सोडून बाहेर पडला होता आणि मेला होता. दुसरा शंख समोर नसताना असा खेकडा आपणहून शंख सोडतो तेव्हा त्याला आत राहणं असह्य झालेलं असतं. दोष बहुधा खाराचा असावा. लोणारच्या पाण्यातून पूर्वी पापडखार काढायचे. तो खार रेतीच्या कणांना धरून बसलेला असणार. मग रेती धुणं सुरू झालं. विहिरीचं पाणी मचूळ, पिण्याच्या कामाचं नव्हतं, पण धुवायला चालत होतं. धुतलेली रेती जिभेवर ठेवून मी चव पाहायचो आणि दत्तूभाऊ माझ्या चेहऱ्याकडे पाहायचे.

पुढच्या बरणीत खेकडा जगला, पण काही दिवसांनी पाण्यावर तांबूस साय धरली. गंज. म्हणजे लोखंडही काढायला हवं होतं. रेती उन्हात वाळवायची, चुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तिच्यातून फिरवायची, चिकटलेलं झटकून टाकायचं आणि पुन्हा फिरवायचं. हे काम संपता संपेना. त्यातच बारीक भुकटी उडवून टाकायला दत्तूभाऊंनी घरातलं सूप आणलं आणि ते वेडंवाकडं हलवायला लागले.

गिरजाबाई ओसरीवर बसून होत्या. इतक्या दिवसांत त्या अंगणातल्या पसाऱ्याबद्दल एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वेळेवर भाकर मिळत होती, दत्तूभाऊंना कामं सांगितली जात होती. सुपाचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली.

“कोण पाखडून राह्यलं?”

“मी, माय.”

“काय हाय त्यात?”

“रेती.”

त्या उठल्या, भिंतीचा आधार घेत आल्या आणि हात पुढे केला. “इकडं दे. सूप फाडशील.”

त्यांनी सूप घेतलं, मूठभर रेती बोटांत चोळून पाहिली आणि पाखडायला लागल्या. सुपाच्या तोंडाशी हलकी भुकटी येत होती, जड कण मागे राहत होते. आम्ही चुंबक फिरवायचं काम चालू ठेवलं. असं दुपारपर्यंत चाललं.

“कायी हाय ना ही?” त्यांनी एकदम विचारलं. सोनाळ्याकडे जुन्या माणसांच्या बोलण्यात ‘ळ’चा ‘य’ होतो.

“हाव,” दत्तूभाऊ म्हणाले.

“सुपात दिसून राह्यली मले.” एवढंच बोलून त्या पुन्हा पाखडायला लागल्या.

टाकी मी लोखंडाशिवाय केली. दत्तूभाऊंनी जहाजावरच्या ओळखीतून काच चिकटवायच्या डिंकाच्या नळ्या मिळवल्या होत्या. सिलिकॉन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. काचेला काच नुसत्या डिंकावर उभी राहील यावर माझा विश्वास बसत नव्हता. रात्री मला झोप लागेना. सकाळी टाकी जशीच्या तशी उभी होती. तळाशी भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा पत्रा, त्यावर क्रशरची जाड खडी, मग बारीक जाळी आणि सगळ्यात वर लोणारची रेती. काळ्या रेतीत चुना नसतो, म्हणून कोपऱ्यात शिंपल्यांची एक पिशवी दडवली. माझी पांढरी रेती अशी मागच्या दाराने आत आली.

रेतीत जंतू वस्तीला यावेत म्हणून टाकी मुरायला वेळ दिला आणि मग जीव आणले. अलिबागच्या बाजूच्या एका खडकाळ किनाऱ्यावरून एक दगड आला. त्यावर शर्टाच्या बटणांएवढी हिरवी तोंडं दाटीने उगवलेली होती. ते प्रवाळ नव्हेत, प्रवाळाची चुलत भावंडं. उजेड आला की उघडायची, सावली पडली की मिटायची. दोन समुद्रफुलं होती, शंखातले खेकडे होते, आणि खडकांच्या डबक्यांत राहणारे छोटे मासे होते. मासे करड्या रंगाचे, अंगावर पिवळसर पट्टे. गिरजाबाईंना दिसावेत म्हणून आम्ही त्यातले उजळ निवडून घेतले होते.

आणि इथे आम्ही फसलो. मासे टाकीत सोडले त्या दिवशी उठून दिसत होते. दुसऱ्या दिवशी ते काळपट झाले. तिसऱ्या दिवशी मलाही शोधावे लागले. कित्येक मासे तळाच्या रंगाप्रमाणे स्वतःचा रंग गडद किंवा फिका करतात, शत्रूला दिसू नये म्हणून. दुकानात पांढऱ्या तळावर मासे निस्तेज होतात हे मी रोज पाहत होतो, पण काळ्यावर ते काय करतील याचा विचारच केला नव्हता. एका म्हातारीला दिसावेत म्हणून आम्ही एवढा खटाटोप केला, आणि त्या रेतीनेच मासे झाकून टाकले.

दत्तूभाऊ टाकीसमोर बसून राहिले. “आता पांढरी घालाची का?” त्यांनी विचारलं.

गिरजाबाई मागून आल्या. बहुधा घरातली ही अवजड वस्तू रोज वाट अडवते म्हणून, किंवा आपण पाखडलेल्या मालाचं काय झालं ते पाहायला. त्या काचेजवळ वाकल्या, इतक्या जवळ की नाक काचेला लागलं.

बराच वेळ गेला.

“दत्तू,” त्या म्हणाल्या, “शंख चालून राह्यले.”

खेकड्यांचे शंख पांढरे होते. काळ्या रेतीवर ते गिरजाबाईंना स्पष्ट दिसत होते. आतला खेकडा दिसत नव्हता, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने रिकामे शंख आपापल्या वाटेने निघाले होते.

“त्यात जीव हाय, माय. खेकडा. दुसऱ्याच्या शंखात राह्यते.”

“दुसऱ्याच्या काऊन? याले याचं घर नाही?”

“नाही. मोठा झाला की हे घर सोडते, दुसरं पाह्यते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तेव्हा त्या टाकीपुढे पाटावर बसलेल्या होत्या.

त्यानंतर प्रश्न संपेनात. त्यांना हिरव्या बटणांची उघडझाप दिसायची. ती झोपतात का, हे विचारायच्या. समुद्रफूल हे फूल नाही, प्राणी आहे, हे ऐकून त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं आणि तरी मानलं नाही. काळ्या रेतीवर पडलेला खाण्याचा कण त्यांना आमच्याआधी दिसायचा. “तठी कचरा पडला,” असं म्हणून त्या बोट दाखवायच्या. काळ्या तळाचा हा गुण मला त्यांच्यामुळे कळला: उरलेल्या खाण्याचा जो फिका कण पांढऱ्यावर लपतो तो काळ्यावर लपत नाही. पुढे दुकानात मी अनेकांना काळी रेती दिली ती याच कारणासाठी.

टाकीतलं पाणी उडून कमी होतं, मीठ मात्र मागे राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालावं लागतं. दत्तूभाऊंकडे जहाजाच्या बॉयलरचं पाणी मोजायची काचेची नळी होती. ती पाण्यात तरंगायची आणि खारटपणा दाखवायची. ती वर आली की गोडं पाणी हवं. गावात पिण्याचं पाणी लांबून आणावं लागे. गिरजाबाई आपल्या माठातला तांब्या पुढे करायच्या आणि दर वेळी विचारायच्या, “समुद्रातल्या जीवाले गोड पाणी काऊन लागते?” दत्तूभाऊ दर वेळी समजावून सांगायचे. उत्तर त्यांना ठाऊक झालं होतं, असा मला संशय होता. विचारलं की मुलगा बोलतो, हेही कळलं असावं.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा उन्हाळा माणसालाही सोसत नाही. टाकीला ओली पोती गुंडाळली, खोलीत कूलर लावला. वीज जायची तेव्हा हवेचा पंप बंद पडायचा. त्यावर दत्तूभाऊंनी उपाय काढला. ट्रकची ट्यूब हवेने टम्म भरायची, तिच्या तोंडाला बारीक नळी लावायची आणि हवा बुडबुड्याबुडबुड्याने पाण्यात सोडायची. त्यावर काही तास निघायचे. पण पाणी तापतच गेलं. आधी मासे गेले, मग दोन्ही समुद्रफुलं आक्रसून गेली. बटणं दिवसाही मिटलेली राहू लागली. मी चिखलीहून आलो त्या दिवशी दत्तूभाऊंनी मला दारातच सांगितलं, “आता नाही टिकत.”

बर्फाच्या लाद्या आणाव्यात, टाकी विहिरीच्या गारव्यात उतरवावी, असं काय काय आम्ही बोलत बसलो. गिरजाबाई ऐकत होत्या.

“त्यांले त्यांच्या घरी नेऊन सोडा,” त्या म्हणाल्या.

“घर लय दूर हाय, माय.”

“मले माईत हाय किती दूर हाय ते.” थोडं थांबून त्या म्हणाल्या, “मी येते संगं.”

दत्तूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी लगेच निघायची तयारी सुरू केली, न जाणो त्यांचं मन बदललं तर.

आजचे जाणकार सांगतात की टाकीतला जीव पुन्हा समुद्रात सोडू नये, त्याच्याबरोबर रोगराई जाते. ते खरं असेल. मुळात तो दगड तिथून उचलायलाच नको होता, हेही खरं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की आणखी आठवडा गेला तर परत न्यायला काही उरणार नाही.

शेगावहून रेल्वेने मुंबई, तिथून भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवस, पुढे एसटी. दगड आणि खेकडे झाकणाच्या बादलीत होते. लाँचमध्ये गिरजाबाई बादली दोन्ही पायांत घट्ट धरून मधोमध बसल्या. लाँच डुलायला लागली तेव्हा त्यांनी मुलाचा दंड धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

दगड जिथून आला होता त्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा भर दुपार होती आणि ओहोटी लागली होती. काळे खडक उघडे पडले होते. समोर अथांग पाणी होतं आणि त्यावर ऊन तळपत होतं. गिरजाबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला.

“कुठी हाय?” त्यांनी विचारलं.

“समोरच हाय, माय.”

“मले तं निसतं पांढरं दिसते.”

दत्तूभाऊंचा चेहरा मला पाहवेना. एवढ्या लांब आणून समुद्र आईपुढे उभा केला होता आणि तिच्या डोळ्यांना फक्त झगझगाट कळत होता. (पुढे ऑपरेशन झालं आणि चांगलं झालं, हे इथेच सांगून टाकतो.) पण त्या थांबल्या नाहीत. “पाण्यात ने,” म्हणाल्या. आम्ही चपला काढून ठेवल्या. दत्तूभाऊंनी हात धरून त्यांना खडकांवरून नेलं. एका डबक्यापाशी त्या बसल्या, बादलीत हात घातला आणि खेकडे एकेक करून स्वतःच्या हाताने पाण्यात ठेवले. शंख थोडा वेळ निपचित पडले, मग हलले आणि खडकाच्या सावलीत निघून गेले. दगड दत्तूभाऊंनी खोल कपारीत बसवला. बादली रिकामी झाली.

मला वाटलं, आता निघायचं. गिरजाबाई उठल्या नाहीत. पाणी त्यांच्या पावलांवरून येत-जात होतं. त्या कान देऊन ऐकत होत्या.

“दत्तू,” त्या म्हणाल्या, “तुहा बाप गेला तवा तू याच्यात कोठी होता?”

दत्तूभाऊ आईशेजारी खडकावर बसले, तिचा उजवा हात हातात घेतला आणि तो उचलून पश्चिमेकडे रोखला. “तिकडं. तिकडून लय पुढं. दोन दिवस जमीन दिसत नव्हती.”

“कोणी सांगतलं तुले?”

“जहाजावरच्या तारवाल्यानं. मी खाली इंजिनात होतो.”

“मंग काय केलं?”

ते सांगायला लागले. मी मागे सरकलो, शब्द ऐकू येणार नाहीत इतका. दोघांच्या पाठी मला दिसत होत्या. आई मधूनमधून काही विचारत होती, मुलगा हाताने दाखवत होता, इंजिन कसं, जिना कसा, वर येऊन तो कुठे उभा राहिला. ऊन कलायला लागलं. भरतीचं पाणी खडकांमधून आत शिरलं आणि आमच्या चपलांपर्यंत आलं. मी हाक मारली. दोघांनाही ऐकू गेली नाही. मग मी तिघांच्या चपला उचलल्या आणि वर कोरड्या वाळूत नेऊन ठेवल्या.